हात चुकला नव्हता

कमलकाकू, सुषमा, जावईबापू, आणि नल्लकुंट्यातून, बरकतपुऱ्यातून, लांबून बस बदलून आलेले तुम्ही सगळे,

मला बोलायला दोन मिनिटं दिलेली आहेत. मंडळाच्या सेक्रेटरींनी मघाशी कानाशी येऊन सांगितलं, मॅडम, थोडक्यात. मी मान हलवली. पण आधीच सांगते, दोन मिनिटांत माझं होणार नाही. ज्यांना घाई असेल त्यांनी खुशाल उठावं, मला राग येणार नाही. दिगंबररावांनाही आला नसता. त्यांना राग येतच नसे, आणि आज माझी सगळी अडचण तीच आहे.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. मी मेधा. पुण्याची, रक्ताची डॉक्टर. शहराबाहेर एका औषध कंपनीची संशोधनाची प्रयोगशाळा होती, तिथे मी आणि दिगंबरराव बिरादार नऊ वर्षं बरोबर होतो. मी डॉक्टर, ते तंत्रज्ञ. कागदावर मी वरची, ते खालचे. बारा दिवसांपूर्वी ते पूजेची फुलं काढता काढता अंगणात खाली बसले आणि उठले नाहीत. तेव्हापासून मी हे बोलणं मनात रोज म्हणते आहे आणि रोज एकाच ठिकाणी अडते आहे.

माझ्याजवळ दोन कागद आहेत. एक भाषणाचा, तो बहुधा मी वाचणार नाही. दुसरा शेवटी वाचणार आहे. खरं म्हणजे त्या दुसऱ्या कागदासाठीच मी इथे उभी आहे. मला एक कबुली द्यायची आहे. काकू, ती मी घरी येऊन तुम्हाला एकटीला देऊ शकले असते. पण माणसाचं नाव चार लोकांत खाली गेलं असेल, तर ते चार लोकांतच वर आणायला हवं. म्हणून इथे.

पण आधी मला त्यांच्याबद्दल बोलू द्या. चांगलं चांगलं बोलू द्या. त्याशिवाय पुढचं माझ्याच्यानं बोलवणार नाही.

मी पहिल्यांदा या गावात आले तेव्हा नामपल्ली स्टेशनवर मला घ्यायला दिगंबरराव आले होते. हातात पाटी नाही, काही नाही. सरळ माझ्यापाशी येऊन म्हणाले, "पुण्याच्या मॅडम ना? चला." मी विचारलं, कसं ओळखलंत? म्हणाले, "हमालाला मराठीत ओरडून ऱ्हायलात. अन् तो हसून ऱ्हायला." रिक्षात बसल्यावर त्यांनी मला तीन शब्द शिकवले. हौ म्हणजे हो. नक्को म्हणजे नको. आणि परसो म्हणजे परवा, पण हैदराबादेत ते गेल्या आठवड्यापासून गेल्या वर्षापर्यंत काहीही असू शकतं. एवढ्यावर तुमचं काम भागेल म्हणाले. भागलं. अजूनही भागतं.

त्यांचं मराठी उदगीरकडचं. आजोबा शेती सोडून निजामाच्या काळात इकडे आले, घर तेव्हापासून नल्लकुंट्यात. घरात मराठी, गल्लीत तेलुगू, बाजारात उर्दू. प्रयोगशाळेत मात्र त्यांनी स्वतःची एक वेगळीच भाषा केली होती, आणि ती सगळ्यांना कळायची. आमचे सर्जन रेड्डी सर समोर बसलेत. मला मराठी येत नाही असं ते सगळ्यांना सांगतात. सर, नऊ वर्षं दिगंबररावांचं ऐकल्यावर तुम्हाला येत नाही यावर इथे कुणाचा विश्वास बसणार नाही.

पहिल्याच दिवशी माझा त्यांनी पाणउतारा केला. मी नवीन, सुवर्णपदकवाली. खोलीत शिरले तर हे कोमट पाण्याच्या भांड्यापुढे बसलेले. उजव्या हातात काचेची नळी, ती हळूहळू कलती करताहेत, उभी करताहेत, पुन्हा कलती. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायची ही जुनी पद्धत. नळी कलवायची, रक्त वाहतंय तोवर वाहू द्यायचं, आणि ते थबकलं की घड्याळ बंद. मी म्हणाले, नमस्कार, मी डॉक्टर... तेवढ्यात त्यांनी डावा हात वर केला. तळवा उघडा, माझ्याकडे. नजर नळीवरच. चहा घेऊन आलेले यादगिरी दारातच उभे, हातात किटली. एक झाडू मारणाऱ्या बाई झाडू हवेत धरून उभ्या. सगळी खोली थांबलेली. मग खट्ट. घड्याळ बंद झालं, आणि दिगंबरराव वळून हसले. "आता बोला. काय म्हणत होत्या?"

तो डावा हात हा आमच्याकडचा कायदा होता. कुणी केला नव्हता, कुठे लिहिला नव्हता. तो हात वर असेपर्यंत कुणी बोलायचं नाही. आवाज झाला की नजर हलते, नजर हलली की वेळ चुकते, एवढंच त्यांचं म्हणणं. एकदा कंपनीचे मालक परदेशी पाहुण्यांना घेऊन आले. बोलतच आले. डावा हात वर गेला. मालक थांबले. पाहुणे थांबले. पाहुण्यांमधल्या एका बाईंना वाटलं ही इथली आशीर्वाद द्यायची पद्धत असावी, त्यांनी वाकून नमस्कार केला. घड्याळ बंद होईपर्यंत दिगंबरराव हसले नाहीत. नंतर आठवडाभर हसत होते.

ते घड्याळ त्यांचं स्वतःचं होतं. त्याची कमान तुटली की अफझलगंजच्या एका म्हाताऱ्या घड्याळजीकडे ते घेऊन जायचे. कंपनीनं नवं देऊ केलं तर म्हणाले, नक्को, याला माझा अंगठा माहिती हाय.

आता आमचं काम काय होतं ते थोडं सांगायला हवं. काकूंना माहीत आहे, कारण पहिल्या वर्षी दिवाळीला मी त्यांच्या घरी जेवायला गेले आणि श्रीखंडाच्या वाटीसमोर दिगंबररावांनी सगळं सांगितलं. काकू म्हणाल्या होत्या, "जेवताना डुकराचं नाव काढू नका."

माणसांना अवयव लागतात आणि ते पुरत नाहीत. मग जनावराचे चालतील का? डुकराचं हृदय साधारण आपल्या मापाचं असतं. पण एकदम माणसात कसं बसवणार? म्हणून आधी माकडात. रेड्डी सर डुकराचं छोटं हृदय माकडाच्या पोटात बसवायचे. माकडाचं स्वतःचं हृदय छातीत तसंच चालू. पोटातलं हे दुसरं, जास्तीचं. ते किती दिवस धडधडतं ते बघायचं. त्या काळात बाहेरची यंत्रं येऊ लागली होती, कंपन्यांना एकदम मोठी स्वप्नं पडायला लागली होती. आमच्या मालकांना पडलेलं स्वप्न हे होतं.

माकडांना नावं ठेवायची नाहीत असा नियम. फक्त नंबर. दिगंबररावांनी नियम पाळला, म्हणजे कागदावर नंबरच लिहिले. तोंडानं सात नंबरला ते नवाबसाब म्हणायचे, कारण तो पेरूची साल काढून दिल्याशिवाय खायचा नाही. पेरूला इथे जाम म्हणतात. रोज सकाळी, "नवाबसाब, जाम हाजिर हाय," आणि मगच सुई. माकड घाबरलेलं असलं की रक्त नीट निघत नाही, म्हणून ते आधी पाच मिनिटं पिंजऱ्यापाशी नुसते बसायचे. घरच्या गोष्टी सांगायचे. सुषमा, तुझ्या सहामाहीच्या निकालाचा ताण सगळ्यात आधी नवाबसाबांना कळला होता.

नवाबसाबांचं ऑपरेशन झाल्यावर एकदा त्यांनी मला बोलावलं. माकड त्यांच्या मांडीवर शांत. म्हणाले, "मॅडम, इथं हात ठेवा. दाबू नका, नुसता ठेवा." मी पोटावर हात ठेवला. आत धडधड. मग त्यांनी माझा हात उचलून छातीवर ठेवला. तिथेही धडधड, पण वेगळ्या चालीची. एका जिवात दोन. मी त्यावर तीन लेख वाचले होते. हाताला ते तोपर्यंत कळलं नव्हतं. त्यांचा हात मात्र रोज तिथे जायचा. हृदयाच्या यंत्रातून कागदाची पट्टी निघण्याआधी ते सांगायचे, आज दिल थकल्यासारखं हाय. आणि पट्टीवर तेच निघायचं.

त्याच हाताबद्दल मी काय लिहिलं, ते आता सांगते.

ऑपरेशननंतर पहिल्या काही तासांतच अवयव काळा पडायचा, तो पहिला धोका औषधांनी टळायला लागला होता. आम्ही खुशीत होतो. पण मग दुसरा धोका आला. आठ-दहा दिवस सगळं छान, आणि मग हृदय मंदावायचं. उघडून बघितलं तर आत बारीक बारीक रक्तवाहिन्यांमध्ये गुठळ्या. डुकराच्या रक्तवाहिनीचं अस्तर आणि माकडाचं रक्त यांचं आपसांत जमत नाही. आपलं अस्तर रक्ताला सांगत असतं, इथे जखम नाही, गोठू नकोस. परक्या अस्तराचं ते सांगणं रक्ताला नीट पोहोचत नाही. हे आज मी सोपं करून सांगते आहे. तेव्हा आम्हाला हे कळत नव्हतं. गुठळ्या का आणि कधी सुरू होतात, तेच तर शोधायचं होतं.

आणि शोधायचं कशात? रोज सकाळच्या रक्तात. बाहेरून नवं यंत्र आलं होतं, नळी आत ठेवली की आकडे बाहेर. फक्त नळीतलं रक्त गोठलेलं असलं की यंत्र किंचाळायचं आणि आकडा द्यायचं नाही. मग मी वहीत शिक्का मारायचे. गोठलेला नमुना, बाद, पुन्हा घ्यावा. रक्ताच्या कुठल्याही प्रयोगशाळेत हेच करतात. नळीत रक्त पातळ ठेवणारं औषध आधीच घातलेलं असतं. रक्त काढणाऱ्याची सुई नीट लागली नाही, त्यानं उशीर लावला, नळी नीट हलवली नाही, की नमुना गोठतो. आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं. नमुना गोठला तर काढणाऱ्याचा हात चुकला.

नवाबसाबांचे नमुने गोठायला लागले. मी बाद केले. दिगंबरराव पुन्हा काढायचे. तेही गोठायचे. मी पुन्हा बाद. मग त्यांना विचारलं, काय चाललंय? ते म्हणाले, "मॅडम, सुई बराबर लागली. हलवलं बी बराबर." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी आवाज चढवला. दोन माणसांसमोर चढवला. तेव्हा ते जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणाले, "मॅडम, हात तर एकच हाय ना? याच हातानं सातचं काढलं, याच हातानं आठचं काढलं. आठचं ऑपरेशन झालं नाही, त्याचं रक्त साफ हाय. मग माझा हात सातलाच बिघडतो का?"

तुम्ही डॉक्टर नाही, तरी तुम्हाला कळलं. चेहऱ्यावर दिसतंय मला. यादगिरींना किटली धरून उभ्या उभ्या कळलं होतं. सुवर्णपदकाला कळलं नाही. आम्ही गुठळ्या शोधत होतो. गुठळ्या रोज सकाळी नळीत भरून ते माझ्या टेबलावर आणून ठेवत होते. आणि मी शिक्का मारून त्या फेकत होते.

मी चिठ्ठी लिहिली. इंग्रजीत होती. मराठीत सांगायची तर, नमुना घेणाऱ्याच्या हातात स्थिरता राहिलेली नाही, त्यांना रक्त काढण्याच्या कामावरून हलवावे. दोन ओळी. खाली माझी सही. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं उचललं पेन आणि लावलं कागदाला. दुसऱ्या सोमवारी दिगंबरराव नळ्या धुवायच्या खोलीत होते. वीस वर्षं रक्ताच्या तपासणीत घालवलेला माणूस, हातात ब्रश आणि साबणाचं पाणी.

मला वाटलं ते भांडतील. युनियनकडे जातील. निदान माझ्याशी बोलायचं सोडतील. त्या दिवशीसुद्धा दुपारी डबा उघडल्यावर त्यांनी यादगिरींच्या हाती वाटीभर बगारा बैंगन माझ्याकडे पाठवलं.

त्यांच्या जागी दुसरे तंत्रज्ञ आले. चांगले होते. ऑपरेशन झालेल्या पुढच्या माकडाचे नमुने गोठले. मी म्हटलं, सुया खराब आल्यात. सुया बदलल्या, तरी गोठले. मी म्हटलं, नळ्यांचा लॉट वाईट आहे. नाचता येईना अंगण वाकडं. तोंडावर पाणी मारून कुणी जागं करावं अशी माझी अवस्था होती, आणि कोण करणार? ज्यांनी केलं होतं त्यांना मी धुवायच्या खोलीत पाठवलं होतं.

मग एक दिवस, बऱ्याच महिन्यांनी, ते माझ्या दारात आले. हातात सुषमाची शाळेची दोनशे पानी वही आणि प्लास्टिकची पट्टी. सुषमा, तुझी पट्टी हरवली म्हणून तू रडली होतीस ना? ती आमच्याकडे होती.

म्हणाले, "मॅडम, रागावणार नसाल तर एक दाखवायचं होतं."

तपासून झालेल्या नळ्या, गोठलेल्या आणि न गोठलेल्या, सगळ्या दुपारी धुवायला त्यांच्याकडे जायच्या. त्यांनी त्या लगेच धुतल्या नाहीत. आधी स्टँडमध्ये उभ्या ठेवायच्या, आपण डबा खायचा. तासाभरात न गोठलेल्या नळीत लाल खाली बसतं आणि वर पिवळं पाणी उरतं. ते पिवळं किती वर आलं ते सुषमाच्या पट्टीनं मोजायचं आणि वहीत लिहायचं. पिंजऱ्याचा नंबर, ऑपरेशनपासूनचा दिवस, पट्टीवरचं माप. गोठलेली नळी असली तर नुसती फुली.

एक तास का? डबा खायला तेवढाच वेळ लागतो म्हणून.

तुमच्यातल्या अनेकांनी ही तपासणी करून घेतली असेल, जुनी तपासणी आहे. अंगात कुठे दाह असला, म्हणजे आतून आग लागल्यासारखं झालेलं असलं, की लाल लवकर खाली बसतं. पैसे न लागणारी, यंत्र न लागणारी. आम्ही ती बंद केली होती, कारण ती जुनाट दिसायची.

वहीत पानामागून पान. ऑपरेशन न झालेली माकडं, पिवळं जवळजवळ नाहीच, आणि फुली एकही नाही. ऑपरेशन झालेली माकडं, पहिले काही दिवस तसंच. मग पिवळं वाढत जातं. आणि ते वाढलं की दोन-तीन दिवसांनी फुली. फुली. फुली. एका माकडात झालं असतं तर योगायोग म्हणता आला असता. सगळ्यांत तेच होतं.

त्यांनी बोट ठेवून सांगितलं, "पैले तापतंय, मग जमतंय. आपण जमल्यावर धावतो मॅडम. तापतंय तेव्हाच गेलं पायजे."

आधी दाह, मग गुठळी. काकू, धुवायच्या खोलीत बसून, डबा खाता खाता तुमच्या यजमानांनी हे बघितलं. आम्ही बाद केलेल्या नळ्यांमध्ये बघितलं. सहा शिकलेली माणसं वरच्या मजल्यावर यंत्रापुढे बसलेली असताना.

मी ती वही रेड्डी सरांकडे नेली. सरांनी दाह कमी करणारी औषधं आधीपासून सुरू केली, फुलीची वाट न बघता. पुढची माकडीण, ऑफिसचा नंबर अकरा, दिगंबररावांची बेगमसाहेबा, तिच्या पोटातलं हृदय आधीच्या सगळ्यांपेक्षा जास्त दिवस चाललं. शेवटी थांबलंच. आम्ही जग बदललं असं मी म्हणणार नाही. पण ते जास्तीचे दिवस त्या वहीचे होते. रोज दुपारी दिगंबरराव बेगमसाहेबाच्या पोटावर हात ठेवायला वर यायचे. अधिकृतपणे नाही. पाणी प्यायला म्हणून.

आता विचाराल, मग तू त्यांना परत जागेवर का आणलं नाहीस?

खरं सांगते. त्यांना परत आणायचं तर ती चिठ्ठी मागे घ्यावी लागणार होती. चिठ्ठी मागे घ्यायची तर लिहावं लागणार होतं की इतके महिने खरे नमुने मी बाद केले. मी त्यांना म्हणाले, दिगंबरराव, मी लिहिते, पुढच्या आठवड्यात लिहिते. ते म्हणाले, "राहू द्या. तुमची नवी नोकरी हाय, पुढं जायचंय तुम्हाला. मला इथं बी बरं हाय, नळ्या बोलतात माझ्याशी." मी अहवालात लिहिलं, प्रयोगशाळेच्या असे लक्षात आले की. प्रयोगशाळेच्या. त्या वाक्यात त्यांचं नाव मावलं असतं. मी घातलं नाही. मग डुकरातून माणसात रोग येतील अशी सगळीकडे भीती उठली, मालकांना दुसरी स्वप्नं पडली, विभाग बंद झाला, आणि दिगंबरराव धुवायच्या खोलीतून निवृत्त झाले. चिठ्ठी त्यांच्या फायलीत तशीच राहिली.

एकदा मी त्यांना विचारलं होतं, घरी सांगितलंत का खरं काय झालं? म्हणाले, "नाही. तुम्ही घरी येता, जेवता. तिला कळलं तर वाढताना तिचा हात आखडेल." आणि हसले. मला हायसं वाटलं. मला त्या वेळी हायसं वाटलं हे मी आज तुमच्यासमोर कबूल करते. मी त्यानंतरही दर दिवाळीला गेले, जेवले. काकूंनी दर वेळी आग्रह करून वाढलं.

ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी घरी भेटायला गेले. काकू माझा हात धरून रडल्या. आणि म्हणाल्या, "मॅडम, हात थरथरतो म्हणून तुमच्या ऑफिसनं त्यांना रक्ताच्या कामावरून हलवलं होतं ना. मला लई भीती वाटायची. मी त्यांना गौरीला उभं राहून उचलू दिलं नाही कधी. चहाचा कप बी मीच धरायची. आता वाटतं, उचलू दिलं असतं एकदा तर काय झालं असतं."

गौरी त्यांची नात. चार वर्षांची आहे. तिथे पुढे बसलीय, आईच्या मांडीवर.

काकू, तुम्ही काही चुकीचं केलं नाही. तुम्ही ऑफिसवर विश्वास ठेवलात. ते ऑफिस मी होते. आणि तो माणूस चार वर्षं पलंगावर बसून नातीला मांडीवर घेत राहिला, कप तुमच्या हातून पीत राहिला, आणि एकदाही म्हणाला नाही की माझ्या हाताला काही झालेलं नाही. का? मी तुमच्याकडे जेवायला येत होते म्हणून. माझ्यासाठी. इतकं प्रेम करणाऱ्या माणसावर रागवावं असं मला बारा दिवस वाटतंय. दिगंबरराव, एकदा भांडायला काय हरकत होती?

आता दुसरा कागद वाचते. कंपनीच्या कार्यालयात हे पत्र काल मी स्वतः दिलं, त्यांच्या फायलीत लावायला सांगितलं आणि पोच घेतली.

"श्री. दिगंबर बिरादार यांच्या हाताच्या स्थिरतेबद्दल मी पूर्वी दिलेला अभिप्राय चुकीचा होता. त्यांनी घेतलेले नमुने योग्य होते. ते आजारामुळे गोठत होते आणि मी ते ओळखले नाही. दाह आधी येतो व गुठळ्या नंतर, हे आमच्या प्रयोगशाळेत सर्वांत आधी श्री. बिरादार यांनी पाहिले आणि नोंदवून ठेवले. ते श्रेय त्यांचे आहे. चूक माझी आहे." खाली सही. तेव्हा होती तीच.

सुषमा, हे तू ठेव. वहीही आणलीय, आणि तुझी पट्टी. गौरी मोठी झाली की तिला वाचून दाखव. तिला मराठी वाचता येईल न येईल, तू वाचून दाखव. सांग की आजोबांचा हात ज्या हृदयावर असायचा, ते थकलंय की नाही हे त्यांना यंत्राच्या आधी कळायचं.

सेक्रेटरीसाहेब, झालंच. एवढंच राहिलं.

काकूंनी सकाळी मला त्यांचं घड्याळ दिलं. अजून चालतं. मी ते आता सुरू करणार आहे आणि डावा हात वर धरणार आहे. आमच्याकडचे लोक इथे आहेत, यादगिरी मागे उभे आहेत, त्यांना ठाऊक आहे काय करायचं. बाकीच्यांनी उभं राहावं. हात खाली येईपर्यंत कुणी बोलायचं नाही, कुणी हलायचं नाही. गौरी बोलली तर चालेल.

दिगंबरराव, तुम्हाला नमस्कार. तुमचा हात चुकला नव्हता.

घड्याळ सुरू करते.